अनुभव धागा: तुमची दुचाकी आरटीओत कशावरून नापास झाली?

खिडकीतली
काल एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेटसाठी आरसी शोधत होते तर त्या प्लास्टिकच्या पाकिटातून पातळ कागदाची एक पट्टी पडली. चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची पेन्सिल प्रिंट! 2023 मध्ये आमच्या स्प्लेंडरला 15 वर्षं झाली, बाबा रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला घेऊन गेले. दर रविवारी फडकं मारलेली गाडी, टायर नवे, बाबा एकदम निवांत. साहेबांनी हॉर्न वाजवला, इंडिकेटर बघितले, हँडल वळवलं, खाली वाकले आणि म्हणाले नंबर कुठाय? कारण आदल्या दिवाळीत आमच्या बंधुराजांनी हौसेने काळा स्प्रे मारला होता, दोन हात. नापास. मग घरी थिनर, कापसाचा बोळा, जुना टूथब्रश. आकडे दिसायला लागल्यावर बाबांनी पट्टी सेलोटेपने चिकटवली आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासत बसले, मी टॉर्च धरून. अकरावा आकडा काही उमटेना, तीन पट्ट्या वाया. दुसऱ्या फेरीत पास, 2028 पर्यंत निवांत. बाबा आता चालवत नाहीत, गुडघे. पट्टी बघून सगळं आठवलं. तुमचे किस्से लिहा.

गिअरपेटी
बंधुराजांना काय शिक्षा झाली ते राहिलं

माळावरचा
ब्रेक लाइट. पायाचा मागचा ब्रेक दाबला की लागतो म्हणून मी खूश, साहेबांनी पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला तर अंधार. त्या लिव्हरखाली एक बारकं स्विच असतं हे मला अकरा वर्षांनी कळलं. किरकोळ किमतीचं स्विच आणि अख्खी रजा गेली

रिकामटेकडी
आमच्याकडे आरसे. ह्यांना आरसे म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं, शोरूममधून आणल्या दिवशीच काढून माळ्यावर. आरटीओच्या बाहेर एक टपरी होती तिथे आरसे चक्क भाड्याने!! पासिंग होईपर्यंत लावायचे आणि परत करायचे. त्यातला एक आरसा इतका ढिला की साहेबांना स्वतःच्या पोटाशिवाय काही दिसेना. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय

गिअरपेटी
भाड्याचे आरसे 😂😂 डिपॉझिट किती

रिकामटेकडी
ह्यांचं लायसन

टूटी_तेल
आरएक्स हंड्रेड, 94 चं मॉडेल. पीयूसीवालाच मागे सरकला, धूर बघून. 2000 च्या आधीच्या दुचाकीला धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 4.5 टक्क्यांपर्यंत चालतो, नंतरच्यांना त्याहून कमी, म्हणजे सरकार पण म्हाताऱ्यांना सांभाळून घेतं, तरी आमचं रत्न नापास. मेकॅनिक म्हणाला पेट्रोलमधे टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल अंदाजे ओतता ना, तेच. एअर फिल्टर धुतला, सायलेन्सरची आतली नळी काढून जाळून साफ केली, कार्ब्युरेटर साफ, मग मापून तेल. आणि थंड इंजिनवर टेस्ट करू नका रे, आधी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा, निम्मे लोक इथेच मार खातात

सासवडकर
बजाज एम८०चा मागचा ब्रेक शू कुठे मिळेल? विषयाला सोडून आहे माहितेय

माळावरचा
पुण्यातल्या जुन्या बाजारात बघा, रविवारी नाहीतर बुधवारी. सकाळी लवकर जा

लेस्टरहून
इकडे यूकेत बाईक तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, पंधरा वर्षं थांबत नाहीत. माझी पहिल्यांदा हेडलाइटवरून गेली, बल्ब उत्तम पण झोत वर, समोरच्याच्या डोळ्यात. दुसऱ्यांदा पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं तर मधेच कट्ट करून अडकत होतं, कोनसेट (हँडलखालचं बेअरिंग) गेलेला. मला चालवताना कधी जाणवलंच नव्हतं, हळूहळू बिघडलं की सवय होते. गंमत म्हणजे बाईकला दिवेच नसतील तर फक्त दिवसा चालवायची म्हणून एमओटी मिळू शकते इकडे

रिकामटेकडी
@लेस्टरहून थंडी किती आहे तिकडे? माझी भाची येतेय जानेवारीत, स्वेटर विणू का जॅकेटच घेऊ

लेस्टरहून
ताई जॅकेट. वॉटरप्रूफ बघा

बुलेटराजा_निवृत्त
सायलेन्सर. अजून काय बोलू. कंपनीचा परत लावायला गेलो तर आईने तो भंगारवाल्याला देऊन त्याबदली कांदे-लसणाची जाळी घेतलेली. नवा घेतला तेव्हा पास. शिवाय साडी गार्ड नव्हतं, मी म्हटलं साहेब माझ्या मागे साडी नेसून कोणी बसत नाही, ते म्हणाले ओढणी, धोतर, रेनकोट काहीपण अडकतं, निम्मं चाक झाकलेलं पाहिजे असा नियमच आहे. शेजारच्या काकूंचा पदर अडकलेला मी लहानपणी बघितलाय, गप्प बसलो

चहाबाज
माझी गाडी ठणठणीत, फॉर्म नापास. चासी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की सतरा अक्षरांच्या नंबरात आय, ओ, क्यू वापरतच नाहीत, घोळ होऊ नये म्हणून. मग परत रांग. एक फुकट सल्ला, मुदतीआधी जा, नंतर दुचाकीला महिन्याला 300 लेट फी लागते. पर्यावरण कर वेगळा

सासवडकर
जुना बाजार झाला, शू मिळाला नाही पण पितळी बंब घेऊन आलो. बायको बोलत नाहीये

गिअरपेटी
बंबाला पीयूसी लागेल काका

खिडकीतली
😂 बाबांना सगळं वाचून दाखवलं. बंधुराजांना शिक्षा म्हणून तेव्हापासून दर रविवारचं फडकं त्याच्याकडे. आणि बाबा म्हणतायत अकरावा आकडा उमटला नव्हता असं लिहू नकोस, उमटला होता, तुझा टॉर्च हलत होता