मदत हवी आहे : घोडीच्या रक्तातील फेनोबार्बिटोनची पातळी मुंबईत कोठे तपासता येईल?

नमस्कार. महालक्ष्मी परिसरात ठेवलेल्या आमच्या घोडीला अपस्माराचे झटके येत असल्यामुळे पशुवैद्यांनी तिला फेनोबार्बिटोन सुरू केले आहे. हे औषध यकृतातील विकरांना चेतवून स्वतःचाच निचरा वाढवते, त्यामुळे तोच डोस चालू असूनही काही आठवड्यांनी रक्तातील पातळी घसरू शकते, आणि म्हणूनच ती मोजल्याशिवाय डोस वाढवण्यास डॉक्टर तयार नाहीत, जे मला योग्यच वाटते. माणसांसाठी ही तपासणी नेहमीची असून साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी उपचारास योग्य मानतात. परंतु एका प्रयोगशाळेने नमुना घोडीचा आहे हे ऐकताच तो परत केला. (अर्जावर वजन ४२० किलो लिहिल्यावर लपवणार तरी काय?)

नमुना पुढच्या डोसच्या आधी आणि जेल नसलेल्या साध्या नळीत घ्यायचा, कारण जेल औषध शोषून घेऊन आकडा कमी दाखवू शकते, हे आम्हाला ठाऊक आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईत अन्यत्र प्राण्यांच्या नमुन्यावर ही तपासणी करून घेतल्याचा कोणास अनुभव आहे का? सीरम वेगळे करून बर्फात पाठवावे लागले का आणि अहवाल किती दिवसांनी मिळाला, हेही कृपया कळवावे.