ऑनलाइन फँटसी गेममधले तुमचे पहिले काही तास: अनुभव धागा

रामबागवाली
भाची दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून इंदूरला आलीय. काल तिने लॅपटॉपवर फायनल फँटसी फोर्टीन हा गेम सुरू केला. अख्खी दुपार पात्राचे केस नि डोळे ठरवण्यात गेली. गावात शिरली आणि तिथेच थांबली. "मावशी, हे पळतायत ते सगळे खरे आहेत की गेममधलेच?" म्हटलं, बरेचसे खरे. तर ही एकदम हळू आवाजात बोलायला लागली, त्यांना ऐकू जाईल म्हणून!

मला माझा पहिला असा गेम आठवला, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. कॉलेजची वर्षं, घरात एकच कॉम्प्युटर, तो दादाचा. बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत, म्हणून आम्ही दोनचा गजर लावायचो. भारतात सर्व्हर नव्हता, युरोपच्या सर्व्हरवर खेळायचो. आपले दोन म्हणजे तिकडचे साडेनऊ-साडेदहा, लोक जेवूनखाऊन नुकते बसलेले. फुकट नेटची वेळ नि तिकडच्या गर्दीची वेळ नेमकी एकच, हे आमचं नशीब.

एल्विनच्या जंगलात सुरुवातीला लांडगे मारले, डोक्यावर मेणबत्त्या लावलेल्या कोबोल्डांच्या, म्हणजे उंदरासारख्या बुटक्या राक्षसांच्या खाणीत शिरले. ते ठीकच. पण स्टॉर्मविंड शहरातून पहिल्यांदा ग्रिफिनवर, म्हणजे गरुडाच्या तोंडाच्या उडत्या सिंहावर बसून निघाले तेव्हा खाली तीच वाट दिसली जिच्यावरून मी चालत आले होते. त्या वाटेवर कुणीतरी नवखा एकटा लांडग्याशी झुंजत होता. मध्ये कुठे लोडिंगचा पडदा नाही, काही नाही. तोवर माझ्यासाठी गेम म्हणजे माझ्यापुरता मांडलेला डाव. मी उठले की तो संपणार. इथे मी झोपायला गेले तरी तो लांडगेवाला तिथे असणारच होता. मी दादाला हलवून जागं केलं होतं हे सांगायला.

माझं ठाम मत आहे की या खेळांची खरी ओळख लढाईत होत नाही, दुसरा माणूस पहिल्यांदा दिसतो तेव्हा होते. लिहा तुमचे. लेव्हल आणि तलवारींच्या याद्या नकोत, फक्त पहिले काही तास.

पोहे_वर_शेव
ताई दोनचा गजर!!! आम्ही सुदामा नगरवाले पण त्याच पंगतीतले. आमच्याकडे आजी पाणी प्यायला उठायची आणि माझ्या मागे येऊन उभी राहायची. एकदा मी मेलो, स्मशानात भूत होऊन उभा. सगळं जग करडं. आजी म्हणे, "मेलास ना? मग हा पळतोय कोण?" म्हटलं, आत्मा. "कुठे निघालाय?" शरीर शोधायला. आजी खुर्ची ओढून बसली. नदी ओलांडली, टेकडी चढलो, शरीर सापडेपर्यंत जागची हलली नाही. सापडल्यावर देवाला हात जोडले तिने, खरंच. मग रोज सकाळी चहा देताना विचारायची, काल परत आलास ना नीट?
आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. वॉरक्राफ्ट म्हटलं की मला ड्रॅगन नाही, तीच आठवते

मांडवी_बडोदा
आम्ही रॅग्नरॉक ऑनलाइन गेमवाले. त्यातल्या प्रोंटेरा शहराच्या रस्त्यावर पहिल्यांदा आलो आणि वाटलं आमचा बडोद्याचा मंगळ बाजारच उघडलाय. दुतर्फा व्यापारी गाडी लावून बसलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर दुकानाची पाटी. लढायचं सोडून मी तासभर भावच बघत फिरलो. पोरिंग नावाचे छोटे राक्षस मारून मिळणारं जेलोपी कुणाकडे कितीला, लाल औषधाची बाटली कुठे स्वस्त. दुकान चालू ठेवायचं तर कॉम्प्युटर चालू ठेवावा लागे, म्हणून मॉनिटर बंद करून झोपायचो. पपांना कळलं तेव्हा वाटलं ओरडणार. त्यांनी विचारलं, गल्ला किती झाला?

रामबागवाली
@पोहे_वर_शेव आजींचं वाचून डोळे भरले रे.
@मांडवी पपा शोभतात बडोद्याचे 😄

लोकमान्यनगर_कॉर्नर
सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) सुरू झाले का? कुणी गेलंय का एवढ्यात

हिमशिखा
ताई, थोडं वेगळं मत. मीही वॉरक्राफ्टवालीच, पण मला माणसं नको होती. बाईचं पात्र घेतलं की कुणी फुकट सोनं द्यायचं, मग मागे मागे फिरायचं, कुठली आहेस, वय काय, फोटो पाठव. मैत्रिणीचं बघून मी आधीच ठरवलं आणि दाढीवाला बुटका (ड्वार्फ) घेतला. कुणी वाटेला गेलं नाही. आणि बुटक्यांची सुरुवात होते डन मोरोमध्ये, जिकडे बघावं तिकडे बर्फ. मी जन्मापासून इंदूरची, बर्फ फक्त गोळ्यावरचा पाहिलेला. मे महिना, कूलरमध्ये पाणी संपलेलं, आणि मी पडद्यावर बर्फात पावलं वाजवत फिरतेय. त्या आवाजासाठी उगाच इकडून तिकडे चालायचे.
पुढे बुटक्यांच्या आयर्नफोर्ज शहरातून स्टॉर्मविंडला जाणारी ती जमिनीखालची ट्राम. मध्येच काचेचा बोगदा येतो आणि बाहेर पाणी, मासे. मी उतरलेच नाही, तशीच परत गेले, परत आले. माझी पहिली ओळख त्या जगाशी झाली, माणसांशी खूप उशिरा. ती माणसं चांगली निघाली ते वेगळं.

रामबागवाली
@हिमशिखा हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मला दादाचं खातं होतं, म्हणून हा त्रास कधी दिसलाच नाही. भाचीला आजच सांगते, अनोळखी कुणाला शहर-वय-फोटो काही नाही.
@लोकमान्यनगर_कॉर्नर गराडू झाले सुरू, परवाच खाल्ले. मसाला जपून.

वॉर्डातून
ड्युटीच्या मध्ये लिहितेय, लहानच. २००५ च्या सप्टेंबरमध्ये वॉरक्राफ्टमध्ये साथ आली होती. झुल'गुरुब या ठिकाणचा हक्कार हा बॉस, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा शत्रू, खेळाडूंना रक्ताचा रोग लावायचा. तो तिथेच संपायला हवा होता, पण पाळीव प्राण्यांच्या अंगातून शहरात पोचला. कमी लेव्हलवाले रस्त्यात पटापट मरायला लागले. कुणी इतरांना बरं करत फिरलं, कुणी शहर सोडून पळालं, कुणी मुद्दाम पसरवलं. २००७ मध्ये लॉफग्रेन आणि फेफरमन यांनी यावर लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये लेख लिहिला, की अशा जगात माणसं साथीत कशी वागतात ते दिसतं. मी गेम खेळले नव्हते, तो लेख वाचून खातं उघडलं. माझी पहिली रात्र त्या शहरातल्या बँकेसमोर नुसतं उभं राहून लोक बघण्यात गेली. २०२० मध्ये ते सगळं पुन्हा आठवलं, वॉर्डात.
जाते, बोलावतायत

पोहे_वर_शेव
डॉक्टर ताई काळजी घ्या 🙏

कोळंबी_नको
रूनस्केप गेमवाले कुणीच नाही?? ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे सायबर कॅफेत काही टाकायला लागत नव्हतं. आम्ही पक्के शाकाहारी आणि नवख्यांना शिकवायच्या बेटावर पहिल्याच धड्यात कोळंबी पकडायची, लाकूड तोडायचं, जाळ करून ती भाजायची. पहिली तर करपलीच. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र म्हणे, आईला सांगू का. त्यानंतर आचारी पीठ भिजवून पाव करायला शिकवतो, तिथे जीवात जीव आला. खाणीत तांबं आणि कथील खणून, वितळवून पहिला कांस्याचा खंजीर केला. कुणी दिलेला नाही, स्वतः खणलेला. आजवर मिळालेल्या कुठल्याही हत्यारापेक्षा तो जास्त आवडतो मला.

हिमशिखा
करपलेली कोळंबी!! विसरलेच होते 😂

कोंब
मी नवा, फायनल फँटसीचाच. रामबागवाली ताई, भाचीच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसत असेल बघा, नवख्यांची खूण आहे ती. लाजायचं कारण नाही. गटाने मिळून लढायच्या गुहा असतात. गटातल्या एकाने जरी ती गुहा आधी पुरी केली नसेल तर शेवटी सगळ्यांनाच जास्तीचं बक्षीस मिळतं, त्यामुळे नवखा आला की लोक खूशच होतात. माझ्या पहिल्या गुहेत मी दारातच थांबलो, काय करायचं कळेना. लिहिलं, पहिल्यांदाच आलोय. तिघेही थांबले, एकाने वाकून नमस्कार केला, दुसऱ्याने प्रत्येक वळणाला खूण करून दाखवलं. नंतर ते कधीच भेटले नाहीत. मी अजून कोंब दिसला की थांबतो.
बाय द वे हा गेम २०१० मध्ये आला तेव्हा चालला नव्हता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद करताना त्यांनी गोष्टीतला चंद्रच जगावर पाडला आणि २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला. फुकट ट्रायल आता लेव्हल ७० पर्यंत आहे, भाचीची सुट्टी आरामात निघेल

लोकमान्यनगर_कॉर्नर
चंद्र पाडला?? हे भारी आहे राव.
मी यातलं काहीच खेळलो नाही, गराडूसाठी आलो होतो. पण सगळं वाचून काढलं. माझा लॅपटॉप जुनाट आहे, फोन बरा. कुठून सुरू करू?

कोळंबी_नको
@लोकमान्यनगर_कॉर्नर ओल्ड स्कूल रूनस्केप घ्या, २०१८ पासून फोनवर आहे. जुन्या लॅपटॉपवर पण चालेल, खातं तेच राहतं. पैसे न भरता बरंच खेळता येतं. नाव रोमन अक्षरांत आणि १२ अक्षरांच्या आत बसवावं लागतं, "गराडू" आरामात बसेल, कुणी आधी घेतलं नसेल तर. बेटावरून सुटलात की लम्ब्रिजच्या किल्ल्यात येता. मी रात्री दहानंतर असतो, आधी इथे लिहा म्हणजे दोघं एकाच वर्ल्डवर (सर्व्हरवर) येऊ.