एस थ्री, बिगक्वेरी आणि ॲझ्युअर: तिन्हीकडचा डेटा एकाच डेटा लेकमध्ये (सामायिक साठ्यात) कसा जोडावा?

पाणंद (प्रश्न)

आमचा डेटा तीन क्लाउडवर विखुरलाय. व्यवहारांचा डेटा एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबईत एस थ्री या फाइल-साठ्यावर आहे: पार्के (डेटा कॉलमवार साठवणाऱ्या) फाइल्स, साधारण ४० टीबी, तारखेनुसार पार्टिशन केलेल्या (भागांत विभागलेल्या). वेबसाइट आणि ॲपचे इव्हेंट गूगल ॲनालिटिक्स ४ मधून रोज बिगक्वेरीत (गूगलच्या डेटा वेअरहाउसमध्ये) उतरतात, दिवसाला २ जीबीच्या आसपास. ईआरपीची (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) मास्टर टेबलं, म्हणजे मूळ याद्या, मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरच्या पुण्यातल्या रीजनमध्ये (डेटासेंटरांच्या समूहात) आहेत, सगळी मिळून ५-६ जीबी.

विश्लेषकांना हे तिन्ही एकाच एसक्यूएल क्वेरीमध्ये जोडून हवंय. सगळं बिगक्वेरीत हलवावं, की डेटा जागेवर ठेवून वर ट्रिनो (अनेक ठिकाणचा डेटा एकत्र वाचणारं क्वेरी इंजिन) बसवावं? व्यवहारांत पेमेंटची माहिती आहे, त्यामुळे तो डेटा भारताबाहेर जाऊन चालणार नाही.

मोटवाट

दोन्ही पर्याय सरसकट घेऊ नका. नियम सोपा ठेवा: जड डेटा हलवायचा नाही, हलका डेटा त्याच्याकडे आणायचा, आणि इंजिनही जड डेटाच्याच रीजनमध्ये चालवायचं. तुमच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे एडब्ल्यूएस मुंबई.

खर्चाचं गणित करून बघा. एस थ्री मुंबईतून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर पहिल्या १० टीबीला जीबीमागे ०.१०९३ डॉलर, त्यापुढच्या टप्प्यात ०.०८५. म्हणजे ४० टीबी एकदा हलवायला सुमारे ३,७०० डॉलर. हे एकवेळ परवडेल. पण डेटा जागेवर ठेवून इंजिन दुसऱ्या क्लाउडवर चालवलं आणि डॅशबोर्डांनी रोज ३०० जीबी ओढले, तर महिन्याला ९ टीबी, म्हणजे हजारेक डॉलर, तेही दर महिन्याला. उलट, ॲनालिटिक्सचे दिवसाचे २ जीबी मुंबईत आणायला महिन्याला दहा डॉलरच्या आसपास लागतील.

म्हणून: बिगक्वेरीतून रोज पार्केमध्ये एक्स्पोर्ट करा, डेटासिंक किंवा आरक्लोन या कॉपी करणाऱ्या साधनाने एस थ्रीवर आणा. ईआरपीची टेबलं ट्रिनोतून ॲझ्युअरवर जागेवरच वाचली तरी चालतील, पण ५-६ जीबीसाठी रात्री एक कॉपी घेणं जास्त बरं. ॲझ्युअरशी संपर्क तुटला तरी सकाळचे रिपोर्ट अडत नाहीत.

ट्रिनो मुंबई रीजनमध्येच ठेवा आणि व्हीपीसीला (एडब्ल्यूएसमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कला) एस थ्रीचा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे एस थ्रीकडे जाणारी थेट वाट, जोडा. तो मोफत आहे. तो नसेल आणि ट्रिनोचे वर्कर (काम करणारी मशीनं) प्रायव्हेट सबनेटमध्ये असतील, तर सगळं वाचन नॅट गेटवेमधून (खासगी नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दारातून) जातं आणि त्याचे जीबीमागे पैसे लागतात. डेटा रीजनच्या बाहेर न जाताही बिल फुगतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

बिगक्वेरी ओम्नी एस थ्रीवरचा डेटा जागेवर वाचतं, पण ते मोजक्याच रीजनमध्ये चालतं. मुंबई गृहीत धरून आराखडा करू नका, आधी यादी बघा.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो. इथे लोक एक गोष्ट विसरतात: ॲनालिटिक्स बिगक्वेरीला जोडताना डेटासेटचं लोकेशन निवडावं लागतं आणि नंतर ते बदलता येत नाही, लिंक काढून नव्याने करावी लागते. इव्हेंटमध्ये व्यवहाराचा तपशील जात असेल तर ते लोकेशन आजच तपासा.

कातळशिल्प

वरच्याशी सहमत. त्यात फॉरमॅटची भर घालतो, कारण लेक 'एक' होतो तो कॅटलॉग (टेबलांची नोंदवही) आणि टेबल फॉरमॅटमुळे. नुसत्या फाइल्स एका बकेटमध्ये टाकून तो होत नाही. आइसबर्ग हा टेबल फॉरमॅट घ्या, आणि कॅटलॉग आइसबर्गचा रेस्ट प्रोटोकॉल (वेबवरून बोलण्याची ठरलेली पद्धत) बोलणारा ठेवा (पोलारिस, लेककीपर वगैरे). मग ट्रिनो, स्पार्क (डेटा प्रक्रियेचं इंजिन) आणि उद्या येईल ते इंजिन तीच टेबलं वाचेल.

४० टीबी पुन्हा लिहायची गरज नाही. स्पार्कमधली 'ॲड फाइल्स' प्रोसीजर आहेत त्याच पार्के फाइल्स आइसबर्ग टेबलात नोंदवते. मात्र त्यानंतर त्या फाइल्स आइसबर्गच्या ताब्यात गेल्या असं समजा. जुनं हाइव्ह (आइसबर्गआधीच्या फॉरमॅटमधलं) टेबल त्याच फाइल्सवर सुरू ठेवलंत आणि आइसबर्गमध्ये डिलीट करून स्नॅपशॉट (टेबलाच्या जुन्या आवृत्त्या) एक्स्पायर केले, तर फाइल खरोखर पुसली जाते आणि जुनं टेबल फुटतं. आधी एका महिन्याच्या पार्टिशनवर करून बघा. ही प्रोसीजर स्कीमा (कॉलम आणि त्यांचे प्रकार) नीट पडताळत नाही. एखाद्या वर्षी रक्कम डबल (अंदाजे दशांश) आणि नंतर डेसिमल (अचूक दशांश) असेल, तर चूक नोंदवताना दिसत नाही, वाचताना दिसते.

अजून दोन सापळे.

आइसबर्गच्या मेटाडेटात फाइलचा पूर्ण पत्ता असतो, बकेटच्या नावासकट. त्यामुळे टेबल दुसऱ्या क्लाउडवर नुसतं कॉपी केलं तर तिथली प्रत जुन्याच बकेटमधल्या फाइल्स शोधत राहते. पत्ते बदलायला 'रीराइट टेबल पाथ' ही प्रोसीजर लागते, किंवा टेबल नव्याने लिहावं लागतं.

दुसरा, 'रिमूव्ह ऑर्फन फाइल्स', म्हणजे कुठल्याच टेबलात न नोंदलेल्या फाइल्स पुसणारी प्रोसीजर. एका इंजिनाने एका उपसर्गाने आणि दुसऱ्याने वेगळ्याच उपसर्गाने फाइल्सचे पत्ते लिहिले असतील, तर ही प्रोसीजर एररने थांबू शकते. ती एरर टाळायला प्रीफिक्स मिसमॅच मोड 'डिलीट' करू नका, चालू फाइल्स उडतील. नेहमी आधी ड्राय रन (काही न पुसता फक्त यादी बघणं).

रोजच्या एक्स्पोर्टमधून छोट्या फाइल्स साचतात. आइसबर्गचं फाइलच्या आकाराचं डीफॉल्ट लक्ष्य ५१२ एमबी आहे. आठवड्यातून एकदा कॉम्पॅक्शन (छोट्या फाइल्स जोडून मोठ्या करणं) लावा.

पाणंद

खूप आभार. छोट्या नमुन्यावर जोडून पाहिलं. दोन अडचणी: ॲनालिटिक्समधल्या खरेद्या आणि आमचे व्यवहार यांचा दिवसवार आकडा जुळत नाही, महिन्याचा मात्र जवळपास जुळतो. आणि ॲझ्युअरवर 'रीडर' रोल दिलाय तरी ट्रिनोला ४०३ (परवानगी नाही) हा एरर येतो.

सांजदिवा

महिना जुळतो आणि दिवस जुळत नाही, म्हणजे टाइमझोन. ॲनालिटिक्सच्या टेबलातला 'इव्हेंट डेट' प्रॉपर्टीच्या टाइमझोनमध्ये असतो, तर 'इव्हेंट टाइमस्टॅम्प' यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), मायक्रोसेकंदांत. तुमची पार्टिशनं यूटीसी तारखेची असतील, तर भारतातल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात मोजले जातात. जोडणी टाइमस्टॅम्पवरून करा. भारताचा एक दिवस म्हणजे आदल्या दिवशीचे १८:३० ते त्या दिवशीचे १८:३० यूटीसी, म्हणजे दोन पार्टिशनं. फिल्टर याच स्वरूपात लिहा. कॉलमवर फंक्शन लावून तारीख काढलीत तर पार्टिशन गाळली जातीलच असं नाही आणि क्वेरी सगळं टेबल वाचेल.

दुसरं कारण: ॲनालिटिक्स रोजचं टेबल पुढचे तीन दिवस अपडेट करत राहतं, कारण काही इव्हेंट उशिरा पोचतात. म्हणून फक्त कालचा दिवस आणू नका. रोज मागचे चार दिवस आणा आणि ती पार्टिशनं ओव्हरराइट करा. अपेंड केलंत (जुन्याला नवं जोडलंत) तर डुप्लिकेट येतील.

मोटवाट

४०३ चं कारण रोल. ॲझ्युअरचा 'रीडर' फक्त रिसोर्स दाखवतो, त्यातला डेटा वाचू देत नाही. 'स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर' द्या. लागू व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबून तपासा. शिवाय कॉन्फिगमध्ये तिन्ही क्लाउडच्या कायमच्या की (गुप्त किल्ल्या) ठेवू नका. ट्रिनो कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) असेल, तर त्याच्या सर्व्हिस अकाउंटचं ओआयडीसी टोकन (थोड्या वेळापुरतं ओळखपत्र) ॲझ्युअर आणि गूगल दोघंही फेडरेशनने (बाहेरच्या ओळखीवर विश्वास ठेवून) स्वीकारतात.

ईआरपी जागेवरच वाचत असाल तर अजून एक. छोट्या टेबलावरून मोठ्या टेबलाला गाळणी लावायला ट्रिनोचं आइसबर्ग कनेक्टर डायनॅमिक फिल्टरसाठी डीफॉल्ट १ सेकंदच थांबतं. ॲझ्युअरवरून मास्टर टेबल यायला त्याहून जास्त वेळ लागला, की व्यवहारांचं टेबल गाळणीशिवाय वाचायला सुरुवात होते. ती मुदत २० सेकंद करा आणि 'एक्सप्लेन ॲनलाइझ'मध्ये (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) वाचलेल्या रो (ओळी) आधी-नंतर ताडून बघा. फरक पडला नाही, तर ग्राहक क्रमांक सगळ्या फाइल्सभर पसरलेत असं समजा. मग कॉम्पॅक्शन करतानाच त्या कॉलमवर सॉर्ट लावा.