इंग्लिश मीडियममधून काढून पाचवीला झेडपीच्या शाळेत घालू का?

गावाकडची_आई
मुलगा यंदा चौथीला आहे, तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातो. सकाळी पावणेआठला व्हॅन, घरी यायला साडेचार, फी आणि व्हॅनचं मिळून आता झेपेना झालंय, आणि एवढं करून पोरगं कविता घडाघडा म्हणतं पण अर्थ विचारला की छताकडे बघतं. गावातली झेडपीची शाळा सातवीपर्यंत आहे, सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. जाऊबाईंची मुलगी तिथंच शिकते, ती याला भागाकार शिकवते, याच्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान असून! मिस्टर म्हणतात पाचवीला इकडे आणू आणि नवोदयच्या, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसवू. सासूबाईंचं म्हणणं लोक काय म्हणतील. माझी भीती वेगळीच, त्याचं मराठी वाचन लईच कच्चं आहे. कुणी असं मधेच बदललंय का?

खडूवाला
ताई, मी झेडपीलाच गुरुजी आहे. आधी नवोदयचं बघा, बरेच पालक इथंच फसतात. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात, त्यात एक दिवस जरी शहरी शाळेत गेला असेल तरी तो शहरी धरतात. एका नवोदयला सहावीच्या ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. तुमची तालुक्याची शाळा शहरी हद्दीत येत असेल तर पाचवीला गावात आणून कोटा मिळणार नाही. परीक्षा देता येईल, पण उरलेल्या जागांसाठी, आणि तिथं ग्रामीणची हुशार पोरंही असतातच. तेव्हा फक्त नवोदयसाठी शाळा बदलू नका, दुसरं कारण पटत असेल तरच बदला.
वाचनाचं मला तेवढं टेन्शन वाटत नाही. घरी मराठीच बोलतो ना? मग जोडाक्षरं सुटायला वेळ लागत नाही. मे महिन्यात रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला लावा, चुकला तरी टोकू नका.

पट_किती
सगळ्या झेडपीच्या शाळा एका मापाने मोजू नका हो. आमच्या वाडीत दोन गुरुजी आणि चार वर्ग, त्यातले एक बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याकडे, निवडणूक आली की शाळेत एकच माणूस, तो खिचडीचा हिशेब करणार की पाढे घेणार? आधी जाऊन पट किती आणि शिक्षक किती ते विचारा. सहावी-सातवीला गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक आहे का हे तर नक्कीच विचारा, नाहीतर सेमी नुसतं बोर्डावर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातल्या कुणाला गाठलं तर खरं काय ते कळेल.

दोन_पोरींचा_बाप
मोठीला मी चौथीनंतर असंच आणलं होतं. पहिले दोन महिने रडली, मग मैत्रिणी झाल्या आणि विषय संपला. पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. पुढचं आताच डोक्यात ठेवा, सातवीनंतर हायस्कूल अनुदानित बघा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास होऊन यादीत आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ती नाही. आमच्या शेजाऱ्यांनी आठवीला हौसेने पोराला भारी शाळेत टाकलं आणि ही परीक्षाच हातची गेली.

गावाकडची_आई
नवोदयचं कुणीच सांगितलं नव्हतं! शाळा नगरपालिकेच्या हद्दीतच आहे, म्हणजे तो विषय बऱ्यापैकी बंदच झाला. मिस्टर थोडे हिरमुसलेत, पण व्हॅनचा हिशेब काढल्यावर गप्प बसले. एक विचारायचं होतं, थोडी फी बाकी आहे, आताची शाळा त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला अडवेल अशी धास्ती वाटतेय.

खडूवाला
फी भरून टाका, ते वेगळं. पण दाखला यायला उशीर झाला म्हणून आम्हाला प्रवेश नाकारता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. आधार आणि जन्माचा दाखला घेऊन जूनमध्ये सरळ शाळेत जा. आणि पुतणीला सांगा, भागाकाराची शिकवणी चालू ठेव म्हणावं.