विषय: दहावीला गणित घ्यावे की सोडावे?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

चार वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला परतलो, तरी तिथल्या मराठी मंडळाच्या यादीतून नाव काढून घ्यायचा धीर होत नाही, त्याच हक्काने विचारते आहे. आमची मुलगी पंधरा वर्षांची असून घरीच शिकते. तिचा बराचसा दिवस हातमागावर जातो, आणि पुढे वस्त्रकला किंवा मानसशास्त्र यांपैकी काहीतरी शिकायचा तिचा विचार आहे. तिकडे असतो तर अल्जिब्रा, जॉमेट्री, पुन्हा अल्जिब्रा ही शिडी ठरलेलीच होती. इथे मात्र एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी गणिताशिवायही होते असे कळल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. सासूबाईंच्या मते गणिताशिवाय दहावी म्हणजे मिठाशिवाय वरण. आपल्यापैकी कोणी हा प्रश्न जवळून पाहिला असल्यास कृपया लिहावे.

कोथरूडहून, आपली एक जुनी सभासद

*

ताई, स. न.

मी वर्षातले सहा महिने मुलाकडे तिकडे आणि सहा महिने सदाशिव पेठेत असतो. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, तेव्हा माझे मत थोडे पक्षपाती धरूनच वाचावे.

आपली माहिती बरोबर आहे. एनआयओएसच्या दहावीला पाच विषय लागतात आणि त्यांत गणित सक्तीचे नाही. शाळेत न जाता परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरला, तर मात्र बीजगणित आणि भूमिती यांच्या ४०-४० गुणांच्या दोन्ही प्रश्नपत्रिका चुकत नाहीत. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत गणिताला कोअर हा सोपा पर्याय आहे, परंतु तिथे जास्तीत जास्त ‘सी’ श्रेणीच मिळू शकते, आणि कष्टाळू मुलीला ते बोचते, असा माझा अनुभव आहे.

माझा सल्ला असा की दहावीला गणित घ्यावे आणि बारावीला निःशंकपणे सोडावे. एनआयओएसमध्ये ते सहावा विषय म्हणून ठेवता येते. उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे धास्ती घेण्याचे कारण नाही. बारावीचे गणित सोडल्याने वास्तुकलेचे दार बंद होते आणि दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्सचेही, हे मात्र तिला आजच स्पष्ट सांगावे. वस्त्रकलेला त्याची अडचण येऊ नये. मानसशास्त्रात संख्याशास्त्र टळत नाही. पण त्यासाठी सरासरी, प्रमाण विचलन आणि आलेख वाचण्याची सवय लागते, त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे लागत नाहीत.

वाचलेल्या वेळात तिच्याकडून पैशाचे गणित करून घ्यावे. पन्नास लाखांचे कर्ज ९ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ४५,००० रुपये येतो आणि एकूण फेड १ कोटी ८ लाखांच्या आसपास जाते. हा तक्ता तिने एकदा स्वतः मांडावा. वर्गात मी तो फळ्यावर लिहीत असे, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेही मान वर करून बघत.

आणि मागाच्या निमित्ताने एक विचारतो: कापड धुतल्यावर किती आटेल याचा हिशेब ती कसा करते?

आपला, एक निवृत्त मास्तर

*

काका, नमस्कार.

आपला प्रश्न वाचून ती हसली आणि मग गप्प झाली. गेल्या महिन्यात तिने बाबांसाठी ८० इंचांचा स्टोल विणला. धुतल्यावर दहा टक्के आटतो, म्हणून आठ इंच वाढवून ८८ इंच धरले, आणि शेवटी तो ७९.२ इंच भरला. पाऊण इंच गेला कुठे, म्हणून ती सुताला दोष देत होती. काल रात्री तिने ८० ला ०.९ ने भागून पाहिले, तेव्हा उत्तर ८९ च्या जवळ आले. आटणारे दहा टक्के विणलेल्या लांबीवर मोजायचे, हव्या असलेल्या लांबीवर नव्हे, हे तिने आजीला दोनदा समजावून सांगितले.

गणित सहावा विषय म्हणून घ्यायचे ठरले आहे. बारावीचा निर्णय आम्ही तिच्यावर सोपवला असून, वास्तुकलेचे ऐकून तिने फक्त खांदे उडवले. उद्या पुस्तके घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाणार आहोत. सरावासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, ते आज संध्याकाळपर्यंत कळवल्यास बरे होईल.