मदत हवी आहे: भावाची रात्रीची धडधड, जागरणं आणि दिवसाला ६०० मिलिग्रॅम कॅफिन

नमस्कार. मी परभणीची. डी.फार्म झालंय, एका मेडिकलवर काम करते. धाकटा भाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय २०. तिघं मिळून रूम करून राहतात. त्याच्यासाठी विचारतेय. जरा लांबलचक होईल, पण कृपया वाचा.

मागच्या बुधवारी रात्री ३ वाजता त्याचा फोन आला. "तायडे, छातीत लई धडधड करायलंय. हातपाय गार पडलेत. मला काहीतरी व्हायलंय." मित्रांनी त्याला गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल निघाला, बीपी थोडं वाढलेलं. ॲसिडिटीची गोळी देऊन, टेन्शन घेऊ नको म्हणून परत पाठवलं. झोपतोस किती, चहा-कॉफी किती घेतोस, हे कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतंय.

सकाळी तपोवन धरली आणि दुपारी त्याच्या रूमवर पोचले. खाटेखाली २० रुपयांवाल्या एनर्जी ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या. मोजल्या, २९ निघाल्या. टेबलावर इन्स्टंट कॉफीची बरणी, चमचा तसाच आत रुतवलेला. मेसचा डबा आदल्या रात्रीपासून उघडलेलाच नव्हता. त्याची वही चाळली. सुरुवातीच्या पानांवर त्याचं नेहमीचं टपोरं अक्षर आणि शेवटच्या आठ-दहा पानांवर रेघ थरथरलेली, शून्याची टोकंसुद्धा जुळलेली नाहीत. ती पानं बघून माझ्या पोटात कालवलं.

मग त्याला शेजारी बसवून हिशोब केला. २५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ७२ मिलिग्रॅम कॅफिन, लेबलावर लिहिलेलं असतं. तशा रात्रीतून ३. दोन-दोन चमचे घालून काळी कॉफी २ ग्लास, म्हणजे अंदाजे २४०. टपरीवरचे ५-६ चहा, एकाचे ३० धरले तरी दीडशेच्या वर. बेरीज ६०० च्या आसपास गेली. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं मानतात, तेही दिवसभरात विभागून. एनर्जी ड्रिंकवर तर दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये असं छापलेलंच असतं. तो रोज ७५० मिली पीत होता.

हे औषध काम कसं करतं ते मला माहीत आहे. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानं झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं. थकवा जात नाही, फक्त कळायचा बंद होतो. आणि अर्धं कॅफिन अंगातून जायलाच साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री १० ला घेतलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे ३ ला रक्तात असतं. त्याचा फोन ३ लाच आला होता.

दुकानात परीक्षेच्या दिवसांत पोरं येतात, "जागायची गोळी हाय का" म्हणून विचारतात. त्यांना मी समजावून परत पाठवते. सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र सुधरंना गेलंय. आमच्याकडे चहाला कुणी व्यसन म्हणत नाही, पाहुण्याला पाण्याआधी चहा. आई तर फोनवर म्हणते, "लेकरू अभ्यास करायलंय, कॉफी पिलं तर काय झालं."

माझे प्रश्न:

त्याची ही भीती, धडधड, हातांचं थरथरणं नुसतं कॅफिनचं आहे का आत आणखी काही आहे, हे ओळखायचं कसं? ३ आठवड्यांवर सेमिस्टर आहे, एम-थ्रीची (गणिताचा तिसरा पेपर) बॅक आहे. एकदम बंद करायला लावू का? आणि मनाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की तो उठून बाहेर जातो. "मी काय येडा हाय का?" त्याला कसं न्यावं? ज्यांनी यातून कुणाला बाहेर काढलंय, त्यांनी लिहा.

— परभणीची ताई

———

पहिला प्रतिसाद, घाटीवाला:

ताई, मी मानसोपचार विभागात शिकतोय. वहीचं अक्षर बघितलंत हे फार बरं केलंत, ते पान डॉक्टरांना जरूर दाखवा.

एकदम बंद करू नका. इतक्या डोसवरून अचानक थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड, सुस्ती येते, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो आणि हे आठवडाभरसुद्धा चालतं. मग परीक्षेच्या भीतीनं पोरगं परत बाटलीकडे वळतं. आधी रात्रीच्या बाटल्या काढा, ३ च्या २, दोन-तीन दिवसांनी १, मग शून्य. त्यानंतर कॉफी दोन चमच्यांवरून एकावर. दुपारी २ नंतर काहीच नको. सकाळचे दोन चहा राहू द्या, तेवढ्यानं काही बिघडत नाही. डोकं दुखलं म्हणून कॅफिन घातलेली डोकेदुखीची गोळी देऊ नका, तुम्हाला ती नावं माहीत असतीलच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका भेटीत मिळत नाही. जास्त कॅफिननं धडधड होते, ती धडधड जाणवली की मेंदू म्हणतो धोका आहे, भीती वाढते, झोप उडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅफिन. ज्याला आधीच पॅनिकचा, म्हणजे अचानक भीती दाटून यायचा कल असतो, त्याला जास्त डोसनं तसा भीतीचा अटॅक येऊ शकतो. तेव्हा कॅफिन उतरवून दोन-तीन आठवडे बघायचं. झोप सुधारूनही भीती राहिली, जेवण जाईना, कशात मन लागेना, तर ते वेगळं आहे आणि त्यावर उपचार आहेत. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, दोन्हींतल्या बिघाडानं अशीच धडधड होते. चक्कर येऊन पडला किंवा छातीत दुखणं थांबेना तर मात्र वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

आणि त्याला एकट्यात सरळ विचारा: जगणं नकोसं वाटतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं.

दुसरा प्रतिसाद, लातूरकर:

माझं अकरावी-बारावी लातूरला झालं, त्यामुळे तुमच्या भावाची रूम मला न बघताही दिसली. मला "मानसोपचार" हा शब्दच नको होता. दादानं तो उच्चारलाच नाही. "झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ" म्हणाला आणि दारापर्यंत सोबत आला. आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचाच विचारला. दादा खोटं बोलला नव्हता.

समोर बसून बोलायला जड जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन गच्चीवरून केला होता.

परभणीची ताई:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी चार दिवस सुट्टी काढून इथेच राहिले, त्याच्या रूमपार्टनरच्या मावशीकडे उतरलेय.

रात्रीची बाटली एकावर आली. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसला होता, अर्धा कप चहा दिला, थांबलं. काल रात्री सव्वाबाराला झोपला आणि साडेसहाला उठला. हे मी त्याच्या रूमपार्टनरला तीनदा विचारून खात्री केली.

काल गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तुम्ही सांगितलं तसं विचारलं. बराच वेळ शर्टाच्या बाहीची घडी घालत राहिला. म्हणाला, "मरावं असं नाही वाटत तायडे. पण घरी सांगितलं नाही. एम-थ्री एकटी नाही, अजून दोन राहिलेत. अण्णांनी सोयाबीन पडत्या भावात विकून फी भरली." तीन महिने हे एकटाच घेऊन बसला होता. पास होईपर्यंत झोपायचा आपल्याला हक्कच नाही, असं त्याला वाटत होतं.

मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, अण्णांना आपण दोघं मिळून सांगू, पण परीक्षा झाल्यावर, आणि तोवर तू जेवायचं आणि झोपायचं.

"झोपेच्या डॉक्टरकडे" यायला तयार झालाय. घाटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत केसपेपर सकाळी किती वाजल्यापासून मिळतो, आणि शनिवारी गेलं तर चालतं का? सोमवारी सकाळी त्याचं प्रॅक्टिकल आहे, म्हणून विचारतेय.