शहामृगात मृग कुठून आला?

शाळेपासून डोक्यात अडकलेला प्रश्न आहे. शहामृग हा पक्षी, मग नावात हरीण कशाला? शहा म्हणजे राजा धरला तर 'राजहरीण' होतं, तेही काही जमत नाही. कुणाला माहितीये का?

—

मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, संस्कृतात कुठलंही रानटी जनावर. माकडाला शाखामृग म्हणतातच की, आणि सिंहाला मृगेंद्र. त्यातूनच आलं असणार.

—

शाखामृग बरोबर, पण इथे लागू नाही. मूळ शब्द फारसी, शुतुरमुर्ग. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी (मुर्गी त्यातलीच). आपल्या जिभेवर शुतुरचा शहा झाला आणि मुर्गचा मृग, कारण हे दोन्ही शब्द ओळखीचे, ऐकणाऱ्याला काहीतरी अर्थ लागला की झालं. आणि उंट एकट्या फारसीवाल्यांनाच दिसला असं नाही, तुर्कीत देवेकुशु म्हणजे उंटपक्षीच, चिनीतही तेच, आणि शास्त्रीय नाव स्ट्रुथिओ कॅमेलस, त्यातही उंट बसलेलाच आहे. लांब मान नि वाळवंट ठीकच, पण पाय बघा एकदा नीट. बहुतेक पक्ष्यांना चार बोटं, एमूला तीन, याला फक्त दोन, त्यातलं एक चांगलं जाडजूड आणि दुसरं आपलं नावाला. उंटाच्या पायालाही दोनच! आपण तेवढा उंट घालवला. अर्थात ताशी 70 किमी पळणाऱ्याला मृग म्हटलं तर फार काही बिघडत नाही :)

—

भारी माहिती! अवांतर: 'शहामृगासारखं वाळूत डोकं खुपसणं' हा वाक्प्रचार म्हणजे त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला खड्डा, त्यातली अंडी चोचीने फिरवायला डोकं खाली घालतो, आणि धोका वाटला तर कधीकधी मान जमिनीला टेकवून पडून राहतो, लांबून मातीचं ढेकूळच वाटतं. लपणं आहे ते, डोळेझाक नाही. पेपरवाले काही ऐकायचे नाहीत म्हणा.

—

सगळ्यांचे आभार, शाखामृगवाल्यांचेही. आता अजून एक, तो शहामृग की ते शहामृग? आमच्याकडे दोन्ही चालतं.

—

मी तो म्हणतो, पण मादी दाखवायची तर 'शहामृगाची मादी' असं लांबण लावावं लागतं. दिसायला मात्र घोळ नाही, नर काळा-पांढरा, मादी मातकट. म्हणूनच अंड्यांवर बहुतेक दिवसा ती बसते, रात्री तो.